फँटसी कादंबरीकाराला इतकं सगळं सुचतं कुठून? टेरी प्रॅचेट यांचं उदाहरण

तुम्ही विचारलंय की फँटसी लिहिणाऱ्यांना ती अख्खी जगं सुचतात कुठून, ते रोज लिहितात कसे, आणि माणूस म्हणून ते खरंच विक्षिप्त असतात का. शिवाय वाचायला सुरुवात कुठून करू, हेही विचारलंय. सगळ्या लेखकांबद्दल एकदम बोलण्यापेक्षा मी ज्यांची पुस्तकं वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा वाचत आलोय, त्या एकाच लेखकाबद्दल सांगतो. सर टेरी प्रॅचेट (१९४८–२०१५). चार हत्तींच्या पाठीवर तोललेली ताटासारखी सपाट पृथ्वी आणि ते हत्ती पाठीवर घेऊन अवकाशातून पोहत जाणारं प्रचंड कासव, अशा ‘डिस्कवर्ल्ड’ नावाच्या जगात त्यांनी ४१ कादंबऱ्या रचल्या. त्यांच्या निधनापर्यंत जगभरात पुस्तकांच्या साडेआठ कोटींहून जास्त प्रती खपल्या होत्या.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. प्रॅचेट यांना हे सगळं सुचलं ते नोकरीतून, वर्तमानपत्राच्या कचेरीतून, जुन्या संदर्भग्रंथांतून आणि माणसांकडे बारकाईनं बघण्यातून. फँटसी म्हणजे खऱ्या जगापासून पळ काढणं, असं आपल्याकडे बरेच जण मानतात. त्यांच्याकडे पाहिलं की हे किती चुकीचं आहे ते कळतं.

इंग्लंडमधल्या बकिंगहॅमशायर परगण्यातलं बेकन्सफील्ड हे त्यांचं गाव. आपलं खरं शिक्षण शाळेत नाही, गावातल्या सार्वजनिक वाचनालयात झालं, असं ते नेहमी सांगत. शनिवारी तिथे मदतीला जायचे आणि हाती लागेल ते वाचायचे. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचे जुने बांधीव खंडही त्यांनी असेच वाचून काढले. तेराव्या वर्षी शाळेच्या मासिकात आलेली त्यांची एक कथा पुढे १९६३ मध्ये ‘सायन्स फँटसी’ मासिकानं विकत घेतली. मानधन मिळालं १४ पौंड, त्यातून जुना टाइपरायटर आला. दोनच वर्षांनी, १९६५ मध्ये, शाळा सोडून ते ‘बक्स फ्री प्रेस’ या स्थानिक वर्तमानपत्रात उमेदवार बातमीदार म्हणून लागले. पहिल्याच दिवशी, कामावर रुजू होऊन तीन तास होत नाहीत तोच, आयुष्यातलं पहिलं प्रेत बघावं लागलं, असं त्यांनी लिहून ठेवलंय. त्याच वर्तमानपत्रातल्या मुलांच्या सदरात ‘अंकल जिम’ या नावानं ते गोष्टीही लिहीत.

छोट्या गावातल्या बातमीदाराचं काम म्हणजे काय ते आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी पत्रकारिता केलेल्यांना सांगायला नको. कोर्टाची तारीख, नगरपालिकेची सभा, अपघात, फुलांचं प्रदर्शन. कुठल्या प्रसंगी माणूस काय बोलतो आणि मनात काय ठेवतो, हे रोज ऐकायचं आणि संध्याकाळच्या आत मोजक्या ओळींत बसवायचं. प्रॅचेट यांचे संवाद इतके जिवंत का, याचं उत्तर मला इथे सापडतं.

पुढचा टप्पा माझ्या विशेष जिव्हाळ्याचा, कारण मी स्वतः वीज कंपनीत नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात दिवाळी अंकांसाठी कथा लिहितो. १९८० च्या सुमाराला प्रॅचेट ब्रिटनच्या सरकारी वीज मंडळात जनसंपर्क अधिकारी झाले. त्यांच्या विभागात अणुवीज केंद्रं होती, आणि अमेरिकेतला थ्री माइल आयलंडचा अणुअपघात १९७९ मध्ये नुकताच घडून गेला होता. म्हणजे पत्रकारांचा प्रत्येक फोन किरणोत्सर्गाबद्दल. या नोकरीवर पुस्तक लिहीन, पण कुणाचा विश्वास बसणार नाही, असं ते म्हणत. ही नोकरी त्यांनी १९८७ पर्यंत केली. ‘द कलर ऑफ मॅजिक’ हे डिस्कवर्ल्डचं पहिलं पुस्तक १९८३ चं, आणि नोकरी सोडली ती मालिकेतलं चौथं, ‘मॉर्ट’, लिहून झाल्यावर. आता त्यांच्या जादूच्या विद्यापीठाची वर्णनं वाचा. भयंकर शक्तीवर बसलेले, जेवणाच्या वेळा पाळणारे, एकमेकांच्या खुर्चीवर डोळा ठेवणारे प्राध्यापक-जादूगार. मोठ्या यंत्रणेच्या आत बसून काम केलेल्या माणसालाच हे इतकं अचूक जमतं.

काल्पनिक शहर कसं उभं करायचं, याबद्दल त्यांचं एक म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. शहरात पिण्याचं पाणी येतं कुठून आणि मैला जातो कुठे, या प्रश्नापासून सुरुवात करा, असं ते सांगत. राजवाडा, ड्रॅगन, भविष्यवाण्या नंतर. त्यांचं अँख-मॉरपॉर्क हे शहर असंच उभं राहिलंय. त्यात टॅलिन आणि प्राग आहे, अठराव्या शतकातलं लंडन आहे, एकोणिसाव्या शतकातलं सिअ‍ॅटल आहे आणि आजचं न्यूयॉर्कही. लंडनच्या गोरगरिबांच्या मुलाखती घेऊन हेन्री मेह्यू यांनी एकोणिसाव्या शतकात जे प्रचंड काम केलं, त्यावर प्रॅचेट यांचं अपार प्रेम. गटारात उतरून नाणी शोधणारी पोरं, चिंध्या वेचणाऱ्या बायका, रस्त्यावर खाऊ विकणारे, ही सगळी माणसं तिथून येतात. २०१२ ची ‘डॉजर’ ही कादंबरी तर त्यांनी मेह्यू यांनाच अर्पण केली.

आणि मग बूट. ‘मेन अ‍ॅट आर्म्स’ (१९९३) मध्ये सॅम व्हाइम्स नावाचा गरिबीतून वर आलेला पोलीस अधिकारी हिशेब मांडतो. चांगले कातडी बूट ५० डॉलरला मिळतात आणि दहा वर्षं टिकतात. गरिबाच्या खिशात एकदम ५० येत नाहीत, म्हणून तो १० डॉलरचे बूट घेतो. ते एकदोन हंगामांत फाटतात, पुन्हा १० घालावे लागतात. दहा वर्षांत गरिबाचे १०० डॉलर जातात आणि पाय ओलेच राहतात. ज्यानं महिन्याचा किराणा एकदम भरण्याऐवजी रोज सुट्टं तेल आणि पावशेर साखर आणली आहे, त्याला यात काही समजावून सांगावं लागत नाही. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये गरिबांच्या स्वस्त किराण्याची महागाई वेगळी मोजायचा निर्देशांक काढायचं ठरलं, तेव्हा त्याला व्हाइम्सच्या बुटांचं नाव देण्यात आलं. ड्रॅगन आणि जादूगारांच्या पुस्तकातला एक परिच्छेद अर्थकारणाच्या चर्चेत वापरला जातो, ही फँटसीची ताकद आहे. तरी फँटसीला ‘पोरांचं वाचन’ म्हणणाऱ्यांशी मी अजून भांडतो आणि भांडत राहीन.

कासवाबद्दल थोडं. पृथ्वी हत्तींवर आणि हत्ती कासवावर, ही कल्पना युरोपात कित्येक शतकं हिंदूंची म्हणूनच सांगितली गेलीय. आपल्याकडे कूर्मावतार आहे, आठ दिशांचे आठ दिग्गज आहेत, महाराष्ट्रातल्या कितीतरी देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव आहे. त्यामुळे डिस्कवर्ल्ड उघडल्यावर मराठी वाचकाला परकं वाटत नाही. प्रॅचेट यांचं कौतुक असं की त्यांनी ही कल्पना नुसती उचलली नाही, तिच्या पुढचे प्रश्न विचारले. कासव नर की मादी? ते निघालंय कुठे? कडेवरून सांडणाऱ्या समुद्राचं काय होतं? न्यूझीलंडमध्ये सापडलेल्या एका प्राचीन समुद्री कासवाच्या जीवाश्माला १९९५ मध्ये शास्त्रीय नाव देताना त्यात त्यांचं नाव गुंफलं गेलं.

आता रोजच्या लिहिण्याकडे. नोकरी करत होते तेव्हा त्यांचा नेम होता रोज रात्री ४०० शब्द. ऑफिस, घर, लहान मुलगी, भाजीपाल्याचा मळा हे सगळं सांभाळून ४०० शब्द. हा नेम मला कुठल्याही लेखनकार्यशाळेपेक्षा जास्त शिकवून गेला. आमच्याकडे पावसाळ्यात रात्री लाइन जाते, उपकेंद्रावरून फोन येतो, उठून जावं लागतं. अशा आयुष्यात ‘निवांत वेळ मिळाला की लिहीन’ म्हणणाऱ्याचं लिहून होत नाही. एका पानापेक्षा थोडं जास्त, पण रोज, हे मात्र जमतं.

कथानकाचा आराखडा ते आधी करत नसत. आपल्या पद्धतीला ते ढगांनी भरलेली दरी म्हणत. तुम्ही दरीच्या काठावर उभे आहात, खाली धुकं आहे, त्यातून कुठे झाडाचा शेंडा दिसतो, कुठे एखादा कळस. तिकडे जायचंय हे माहीत आहे, वाट चालताना सापडेल. भर पावसात माळशेजच्या काठावर उभं राहिलेल्या कुणालाही हे चित्र लगेच कळेल. ते सुटे प्रसंग लिहीत आणि मग जोडत जात. बहुतेक कादंबऱ्यांत प्रकरणं नाहीत, मात्र तळटीपा भरपूर, आणि त्या वगळून वाचाल तर निम्मी गंमत गेली.

एखादं पुस्तक सुरू कसं होतं, याचं उदाहरण म्हणजे ‘गार्ड्स! गार्ड्स!’ (१९८९). साहसकथांमध्ये राजाचे पहारेकरी धावत येतात, नायकावर एकेक करून तुटून पडतात आणि मरतात. त्यांना मरायचं होतं का, हे कुणी विचारत नाही. प्रॅचेट यांनी विचारलं. पुस्तक त्याच पहारेकऱ्यांना अर्पण केलं आणि त्यातून व्हाइम्स व त्याची रात्रपाळीची तुकडी जन्माला आली. दुसरं उदाहरण ‘नेशन’ (२००८). प्रचंड लाटेनं उद्ध्वस्त झालेल्या बेटावरच्या मुलाची ही गोष्ट त्यांना २००४ च्या त्सुनामीच्या आधीच सुचली होती. त्सुनामी आल्यावर त्यांनी ती बाजूला ठेवली, कारण त्या वेळी लिहिणं त्यांना योग्य वाटलं नाही. लेखकाचा हा विवेक मला त्यांच्या विनोदाइतकाच आवडतो.

विक्षिप्तपणाचं म्हणाल तर तोही होता, आणि मला तो प्रेमळ कुतूहलाचाच भाग वाटतो. डोक्यावर कायम रुंद काठाची काळी हॅट. लिहिण्याच्या टेबलावर कॉम्प्युटरचे सहा पडदे. सहा कशाला, असं विचारलं तर आठांना जागा नाही म्हणून, हे उत्तर. कच्चे खर्डे ते मुद्दाम पुसून टाकत, पुढे अभ्यासकांनी त्यात उकरत बसू नये म्हणून. बागेत वेधशाळा. कीटक खाणाऱ्या वनस्पती. त्यांच्या जादूच्या विद्यापीठाचा ग्रंथपाल ओरांगउटान आहे, आणि खऱ्या ओरांगउटानांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे ते विश्वस्त होते, त्यासाठी बोर्निओच्या जंगलातही जाऊन आले. २००९ मध्ये ‘सर’ किताब मिळाला, तेव्हा सरदाराकडे तलवार हवी म्हणून घराजवळून ८१ किलो लोहखनिज खणून काढलं, माती आणि गवताच्या भट्टीत वितळवलं, त्यात उल्केच्या लोखंडाचे तुकडे घातले आणि लोहाराच्या मदतीनं तलवार घडवली. ज्याच्या पुस्तकांत वस्तू बनतात कशा हे इतकं खरं उतरतं, त्याला हे करून बघावंसं वाटणारच.

शेवटचा काळ सांगायला हवा. डिसेंबर २००७ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, त्यांनी जाहीर केलं की आपल्याला अल्झायमरचा एक दुर्मिळ प्रकार झालाय. यात मेंदूच्या मागच्या भागावर आघात होतो. बोलणं, विचार बराच काळ शाबूत राहतात, पण डोळ्यांसमोरची वस्तू सापडत नाही, टायपिंग जमेनासं होतं. त्यांनी संशोधनासाठी दहा लाख डॉलर दिले, आजारावर उघडपणे बोलले, आणि लिहिणं थांबवलं नाही. सहायकाला तोंडी मजकूर सांगून किंवा आवाज ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला डिस्कवर्ल्डचे विचित्र शब्द शिकवून कादंबऱ्या पुऱ्या केल्या. ‘ओब्लिव्हियन’ हा कॉम्प्युटरवरचा खेळ त्यांचा फार आवडता. त्यात एका चाहतीनं तयार केलेल्या सोबतीण पात्राचे काही संवाद त्यांनी स्वतः लिहून दिले, आणि पुढे खेळातले रस्ते आठवेनासे झाले तेव्हा त्या पात्राला त्यांना वाट दाखवण्याची सोय जोडली गेली.

१२ मार्च २०१५ रोजी विल्टशायरमधल्या घरी ते गेले. अपुरं लेखन असलेली हार्ड डिस्क नष्ट करावी, ही त्यांची इच्छा होती. ऑगस्ट २०१७ मध्ये डॉर्सेटमधल्या वाफेच्या यंत्रांच्या जत्रेत ती जुन्या स्टीमरोलरखाली चिरडण्यात आली. अनेक वाचक हळहळले. मला तो निर्णय पटतो. जे लिहून पुरं झालं तेवढंच आपलं, हा लेखकाचा हक्क आहे.

तुम्हाला वाचायचंच असेल तर ‘द कलर ऑफ मॅजिक’पासून सुरू करू नका. ते पहिलं असलं तरी त्यात प्रॅचेट अजून हात बसवत होते. ‘गार्ड्स! गार्ड्स!’ घ्या. घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर ‘द वी फ्री मेन’ (२००३) एकत्र वाचा. चुनखडीच्या टेकड्यांवर मेंढ्या राखणाऱ्या घरातली नऊ वर्षांची टिफनी भावाला सोडवायला हातात तवा घेऊन परीराणीच्या राज्यात शिरते. पोस्ट, तारखातं, सरकारी कारभार यांत रस असेल तर ‘गोइंग पोस्टल’ (२००४). इंग्रजी थोडं अवघड जाईल, कारण ते शब्दांशी सतत खेळतात. पहिली पन्नास पानं सावकाश वाचा आणि तळटीपा सोडू नका.