म्युनिकच्या बाल्कनीत कढीपत्ता: माती, पाणी आणि खत

ताई, तुम्ही ऑक्टोबरमध्ये नाशिकहून म्युनिकला येताय. कढीपत्ता, मिरची, मेथी, कोथिंबीर आणि तुळस कुंड्यांत लावायची आहे, तर माती कुठली घ्यावी, खत काय घालावं आणि तिकडून काय आणावं, असं विचारलंत. मी याच शहरात राहते आणि घरचा कढीपत्ता आमच्या फोडणीला पुरतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मुख्य गोष्ट आधी सांगते: इथे झाडं खताविना क्वचितच मरतात. ती मरतात हिवाळ्यात ओली राहिलेल्या मातीने, आणि पिवळी पडतात नळाच्या पाण्यातल्या चुन्याने. तेव्हा खताच्या बाटल्यांआधी मोकळी माती बघा आणि पाणी कसं आहे ते जाणून घ्या.

सामानाचं आधी उरकू. माती आणू नका, चिमूटभरही नाही. भारतातून युरोपीय संघात माती आणायला बंदी आहे, आणि तुळशी वृंदावनातली माती म्हणून तिला सूट मिळत नाही. शेणखत, गोवऱ्या, मुळासकट रोप हेही नको. १४ डिसेंबर २०१९ पासून लागवडीच्या बियाण्यालासुद्धा वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, म्हणजे मंजिऱ्यांची पुडी रुमालात बांधून आणणंही नियमात बसत नाही. मन खट्टू होतं हे मला कळतं, पण नियमामागे कारण खरं आहे. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला आहे, आणि लिंबूवर्गीय बागा पोखरणारी सिट्रस सायला ही कीड त्याच्या पानांवरून सहज प्रवास करते. स्पेन आणि इटलीच्या बागांचा प्रश्न आहे. कढीपत्त्याची रोपं इथल्या नर्सऱ्यांत ऑनलाइन मिळतात. मेथी, धणे भारतीय वाणसामानाच्या दुकानातले घेतले तरी उगवतात. कढीपत्त्याचं बी मात्र कोणी देऊ केलं तर ताजं असेल तरच घ्या. वाळलं की काही आठवड्यांत त्याची उगवणक्षमता जाते.

आता उजेड, कारण माती आणि खत दोन्ही त्यावर ठरतात. नाशिक २० अंश अक्षांशावर, म्युनिक ४८ वर. डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवशी तुमच्याकडे जवळजवळ अकरा तास दिवस असतो, इथे सव्वाआठ, आणि त्यातही बहुतेक वेळ ढग. झाड उजेडाच्या हिशेबाने पाणी पितं. नाशिकला मे महिन्यात सकाळी घातलेलं पाणी संध्याकाळी नाहीसं होतं. इथे डिसेंबरात तीच कुंडी दोन-तीन आठवडे ओली राहते. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, वर पानं गळतात. पानं गळताना दिसली की माणूस घाबरून आणखी पाणी घालतो, खत घालतो, आणि झाड जातं. म्हणून आपल्याकडची लाल माती, शेणखत आणि थोडी वाळू ही घट्ट भर इथे चालत नाही. नाशिकच्या काळ्या मातीचं पाणी धरून ठेवणं तिकडे वरदान आहे, इथल्या खिडकीत तेच जीवावर येतं.

इथे माती पिशवीतली घ्यायची. घरबांधणीचं सामान विकणारी मोठी दुकानं असतात, त्यांना बाउमार्क्ट म्हणतात; त्यांचा बागेचा विभागच वेगळा असतो. तिथे ‘ब्लूमेनएर्डे’ नावाच्या स्वस्त पिशव्यांचा ढीग दिसेल. ती सरसकट फुलझाडांची माती. घेऊ नका असं नाही, पण सगळ्यात स्वस्त पिशवीत एकतर बारीक भुगा असतो, जो एका हंगामात दबून घट्ट होतो, नाहीतर अर्धवट कुजलेला लाकूडचुरा असतो, जो कुजता कुजता मातीतला नत्र (नायट्रोजन) स्वतःच खातो आणि रोप पिवळं ठेवतो. पिशवीची मागची बाजू वाचायची सवय लावा. तिथे सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल आहे ते), क्षारांचं प्रमाण आणि नत्र-स्फुरद-पालाश (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश) छापलेलं असतं. बी पेरायला क्षार लिटरला एक ग्रॅमच्या आत असलेली माती हवी. तिचं नाव ‘आन्त्सुख्टएर्डे’. मेथी, कोथिंबीर, तुळस यांना ‘क्रॉइटरएर्डे’, म्हणजे हिरव्या मसाल्यांची माती, पुरते. मिरचीला ‘टोमाटेनएर्डे’ घ्या, तिला जास्त खत सोसतं. आणि कढीपत्त्याला ‘त्सिट्रुसएर्डे’. लिंबाच्या कुळातलं झाड, लिंबाची माती. सामू साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान असला की झालं.

पण त्सिट्रुसएर्डेही मी तशीच वापरत नाही. दोन भाग माती आणि एक भाग लाव्हाचे बारीक खडे किंवा परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे पांढरे, हलके कण) असं मिसळते. लाव्हाचे खडे जर्मनीतच आयफेल भागातल्या जुन्या ज्वालामुखींतून येतात, बाउमार्क्टमध्ये पिशवीने मिळतात. सच्छिद्र असतात, दबत नाहीत, वर्षानुवर्षं तसेच राहतात. परलाइट हलकं आहे, बाल्कनीच्या वजनाची काळजी असेल तर ते बरं. मात्र पाणी घातलं की हळूहळू वर तरंगून येतं. कुंडी भाजक्या मातीची घ्या, ती बाजूंनी श्वास घेते. आणि आकाराची घाई करू नका. छोट्या रोपाला मोठी कुंडी दिली की मुळं पोचत नाहीत ती सगळी माती ओली राहून आंबते. जुन्या कुंडीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर मोठी, मार्चमध्ये, एवढंच.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तुम्हाला तिकडून माहीत आहेच, आणि इथे मिळणाऱ्या विटाही बहुधा भारत किंवा श्रीलंकेतूनच आलेल्या असतात. चांगली वस्तू आहे, पण तिच्यात अन्न जवळजवळ नसतं, आणि नीट न धुतलेली असेल तर क्षार असतात. शिवाय ती कॅल्शियम, मॅग्नेशियम स्वतःकडे धरून ठेवते. नुसत्या कोकोपीटमध्ये झाड लावलं तर पहिल्या दिवसापासून खत मोजून द्यावं लागतं. चौथा हिस्सा मिसळायला हरकत नाही.

पिशवीवर ‘टॉर्फफ्राय’ असं लिहिलेलं असेल तर त्या मातीत पीट नाही. मी हीच घेते आणि तुम्हीही घ्यावी असं मला मनापासून वाटतं. पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळ-वनस्पतींचा थर; तो दलदलीतून खणून काढतात, आणि ती दलदल हजारो वर्षांचा कार्बन पोटात धरून असते. तुमचं विमान उतरेल तो म्युनिकचा विमानतळसुद्धा एर्डिंगर मोस या पाणी काढून सुकवलेल्या दलदलीच्या प्रदेशावर उभा आहे. पीट नसलेली माती वरून लवकर कोरडी दिसते, आत मात्र ओल असते. त्यामुळे रंगावर जाऊ नका, बोट दोन पेरं आत घालून बघा. आणि तिच्यातला नत्र लवकर संपतो, म्हणून खत थोडं आधी सुरू करावं लागतं.

आता पाणी. म्युनिकचं पाणी आल्प्सच्या पायथ्याच्या मांगफाल आणि लोइझाख या खोऱ्यांतून येतं, पिण्याला उत्तम, पण चुनखडीच्या प्रदेशातलं म्हणून कठीण. जर्मनीत पाण्यातला चुना वेगळ्या अंशांत मोजतात; १४ अंशांच्या पुढचं पाणी कठीण धरतात आणि हे त्या गटात मोडतं. किटलीत पांढरा थर जमतो तो हाच चुना. तो रोजच्या पाण्याबरोबर कुंडीत उतरतो, मातीचा सामू वर सरकतो आणि मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. मग कढीपत्त्याची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही खूण लक्षात ठेवा. नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या: लोह. जुनी, खालची पानं सगळीच फिकट: नत्र. जुन्या पानांत शिरांच्या मधला भाग पिवळा: मॅग्नेशियम, आणि त्यावर एप्सम सॉल्ट, इथे त्याला ‘बिटरझाल्त्स’ म्हणतात. पिवळं दिसलं की सरसकट खत, असं करू नका.

लोहासाठी आपल्याकडे कुंडीत गंजके खिळे खोचतात. चुनखडीच्या पाण्यात त्या लोहाचा उपयोग होत नाही, ते लगेच अडकून बसतं. इथे चिलेटेड लोहखत घ्या, म्हणजे ज्यातलं लोह चुन्यात अडकू नये म्हणून बांधून ठेवलेलं असतं, त्यातही ‘ईडीडीएचए’ असं लिहिलेलं; सामू चढलेला असला तरी ते चालतं. पण मूळ उपाय पाण्याचा आहे. बाल्कनीत बादली ठेवून पावसाचं पाणी धरा. हिवाळ्यात बर्फ वितळवून घरातल्या तापमानाला आणलं तरी चालतं. काहीच नसेल तर पाणी उकळून, गार करून, तळाचा गाळ न घेता वरचं वापरा. बराचसा चुना खाली बसतो. मिरचीला आणि मेथीला एवढे लाड लागत नाहीत, त्यांना नळाचं पाणी चालतं.

ताकाचं तुम्ही मुद्दाम विचारलंत. कढीपत्त्याला आंबट ताक घालायची आपली रीत इथेही लोक पाळतात. उन्हाळ्यात, बाल्कनीत, भरपूर पाणी घालून पातळ केलेलं ताक अधूनमधून घातलं तर बिघडत नाही. घरात, हीटर चालू असताना नको. बुरशी येते, वास सुटतो, आणि ओल्या कुंडीभोवती घोंघावणाऱ्या काळ्या चिलटांना आयतं घर मिळतं. या चिलटांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. ती झालीच तर वरची माती पूर्ण सुकू द्या, पिवळे चिकट कागद लावा, आणि तरी हटली नाहीत तर मातीत सोडायचे सूक्ष्म सूत्रकृमी पाकिटातून मिळतात. त्यांनी अळ्या मरतात, माणसाला काही होत नाही.

खताचा नियम एकच: दिवस वाढतो तेव्हा द्यायचं. मार्चमध्ये नवी फूट दिसली की सुरुवात, सप्टेंबरअखेर बंद. ऑक्टोबर ते फेब्रुवारी काही नाही. त्या काळात घातलेलं खत झाड उचलत नाही, ते क्षार होऊन मातीत साचतं. नव्या पिशवीतल्या मातीत साधारण महिना-दीड महिना पुरेल एवढं खत असतंच, त्यामुळे कुंडी बदलल्याबरोबर घालू नका. कढीपत्त्याला नत्र जास्त असलेलं हिरव्या झाडांचं किंवा लिंबाचं पातळ खत, बाटलीवरच्या अर्ध्या मात्रेने, दोन आठवड्यांतून एकदा. मिरचीला फुलं येईपर्यंत साधं खत, नंतर पालाश जास्त असलेलं टोमॅटोचं खत आठवड्याला. फुलं यायच्या आधी नत्र जास्त झालं की झुडूप देखणं होतं आणि मिरची लागत नाही. तुळशीला फार खाऊ घालू नका, पानांचा वास उतरतो. मेथी तर स्वतःच मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंकडून हवेतला नत्र घेते, तिला काहीच नको.

सेंद्रिय खत घेताना एक माहिती असू द्या. इथलं सर्वांत प्रचलित सेंद्रिय खत ‘हॉर्नश्पेने’ हे गुरांच्या शिंगांचा आणि खुरांचा कीस असतो. नत्र भरपूर, हळूहळू सुटणारं, झाडाला उत्तम. पण तुळशीच्या कुंडीत ते घालणं अनेक घरांत रुचणार नाही, आणि पिशवीवरच्या सुंदर चित्रांवरून ते कळत नाही. ज्यांना नको आहे त्यांनी पाकिटावर ‘वेगान’ लिहिलेलं वनस्पतिजन्य खत घ्यावं. मेंढीच्या लोकरीच्या गोळ्याही मिळतात, त्या पाणीही धरतात. शहराच्या कचरा विभागाचं कंपोस्ट स्वस्त आणि चांगलं आहे. मिरचीच्या कुंडीत चौथा हिस्सा घाला. कढीपत्त्याला नको, त्यात क्षार आणि सामू दोन्ही जास्त.

मातीच्या रांगेत तुम्हाला गांजाच्या रोपांसाठीच्या पिशव्या, खतं, दिवेही दिसतील, बुजू नका. १ एप्रिल २०२४ पासून जर्मनीत प्रौढ व्यक्तीला स्वतःपुरती तीन झाडं घरी ठेवता येतात, पण देशात किमान सहा महिने वास्तव्य झालेलं असावं लागतं. भारतात तीच लागवड १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली गुन्हा आहे. नव्याने येणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या रांगेतले वाढीचे दिवे मात्र बघा, कढीपत्त्याला हिवाळ्यात फार उपयोगी पडतात.

तुमच्या ऑक्टोबरच्या हिशेबाने क्रम असा. आल्याआल्या कढीपत्ता मागवू नका. थंडीत पार्सलमध्येच गारठतो. मार्चअखेर मागवा. मिरची फेब्रुवारीत खिडकीत पेरा. मेथी-कोथिंबीर एप्रिलमध्ये, आणि पुन्हा ऑगस्टच्या शेवटी. जूनमधल्या सोळा तासांच्या दिवसात कोथिंबीर पानं सोडून थेट फुलावर जाते. मिरची, तुळस, कढीपत्ता बाहेर काढायचे ते १५ मे नंतर. ११ ते १५ मे या दिवसांना इथे ‘आइसहायलिगे’ म्हणतात, थंडीचे संत, आणि म्हाताऱ्या शेजारणीसुद्धा त्यांच्याआधी टोमॅटो बाहेर ठेवत नाहीत. रात्रीचं तापमान दहाच्या खाली जायला लागलं की सगळं पुन्हा आत.

आत आणल्यावर दोन गोष्टी सांभाळा. खिडकीखालीच हीटर असतो, त्याच्या कोरड्या हवेने पानांवर लाल कोळी येतो, आणि दगडी कठडा गार असल्याने मुळं गारठतात. कुंडीखाली लाकडाची किंवा बुचाची चकती ठेवा. घरमालक रोज खिडक्या सताड उघडून हवा खेळवायला सांगेल, जानेवारीतसुद्धा, आणि ते करावंच, नाहीतर भिंतींना बुरशी धरते; तेवढी पाच-दहा मिनिटं कुंडी खोलीच्या आत सरकवा.

घर ठरलं की बाल्कनी कुठल्या दिशेला आहे ते कळवा. दक्षिण किंवा पश्चिम असेल तर वरचं सगळं जमेल. उत्तरेची असेल तर मिरचीचा नाद सोडावा लागेल, मेथी आणि पुदिना तिथेही होतो. कढीपत्त्यासाठी दिवा घ्यावा लागेल, तो कुठला आणि किती उंचीवर लावायचा ते तेव्हा सांगते.