बी.कॉम. करता करता फुलांची घरपोच सेवा?

प्रश्न : आम्ही वाईत राहतो. मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याची आई घरी हार गुंफून गणपती आळीतल्या दोन दुकानांना देते. मुलाला ‘सकाळी ऑर्डर, त्याच दिवशी फुलं घरपोच’ अशी सेवा सुरू करायची आहे. मी म्हणतो, आधी पदवी, मग नोकरी. यासाठी एखादा कोर्स असतो का? त्याला परवानगी द्यावी का? – एक पालक

उत्तर : परवानगी द्या, पण सुरुवात पुष्पगुच्छांनी नको, फुलपुडीने करू द्या.

वाईएवढ्या गावात गुच्छाच्या ऑर्डरी कधी येतील याचा नेम नसतो. देवाची फुलं मात्र रोज लागतात. मधली आळी, गंगापुरी, ब्राह्मणशाही, धर्मपुरी अशी एका फेरीत होणारी ६० घरं महिन्याच्या बोलीवर धरा. समजा पुडी १५ रुपयांना, त्यात फुलं, पान आणि दोरा मिळून ८ रुपये. दिवसाला ४२० रुपये सुटतात, महिन्याला १२,६००. त्यातून पेट्रोल आणि खाडे वजा करायचे. हे आकडे धरून चाललेले आहेत, तुमच्या आळीत विचारून ते बदला. मुद्दा असा, की सकाळी साडेसहाची फेरी ठरलेली असली की त्याच दिवशीच्या किरकोळ ऑर्डरीसाठी ताजा माल घरात असतो आणि उरलेला हारात जातो. फक्त गुच्छांवर बसलेल्याचा नफा उरलेल्या गुलाबांबरोबर कचऱ्यात जातो.

पुडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका. ओला झेंडू कोंडला की तापतो आणि पाकळ्यांच्या कडा काळ्या पडतात. पळसाचं किंवा केळीचं पान उत्तम. सोमवारी बेल, मंगळवारी आणि चतुर्थीला दूर्वा-जास्वंद हे आदल्या संध्याकाळीच वहीत लिहिलेलं असावं. दसरा-दिवाळीला झेंडूचा भाव चढतो, तेव्हा १५ रुपयांची पुडी अंगावर येते. म्हणून सणाच्या दिवसांचा वेगळा दर बोली करतानाच सांगून ठेवायचा. पितृपक्षात मागणी उतरते, तेव्हा खरेदीही आधीच कमी करायची.

गुच्छाचा माल पुण्याच्या मार्केट यार्डातून येईल. डच गुलाबाची गड्डी २० दांड्यांची, जर्बेराची १० ची. खंबाटकी घाटात वाहतूक अडकली की माल दुपारी हातात पडतो, म्हणून गुच्छासाठीचा माल आदल्या दिवशीच आलेला हवा. गड्डी सोडली की दांडीचा तळ दोन-तीन सेंटीमीटर तिरपा कापून लगेच पाण्यात. कापलेली दांडी बाहेर पडून राहिली तर तिच्यात हवा शिरते, पाणी वर चढत नाही आणि दुपारी गुलाब मान टाकतो. पाण्याखाली बुडणारी पानं काढून टाका, नाहीतर पाणी नासतं. जर्बेराला मात्र पाणी पाच-सात सेंटीमीटरच; त्याची लवदार, पोकळ दांडी खोल पाण्यात कुजते. कार्नेशन घरच्या फ्रीजमध्ये आंबा-केळ्यांशेजारी ठेवलं तर पिकत्या फळांच्या इथिलीन वायूने ते मिटून जातं. ओअ‍ॅसिसची, म्हणजे दांड्या खोचायच्या हिरव्या स्पंजची, वीट पाण्यावर सोडून आपोआप बुडू द्या, हाताने दाबली तर आतून कोरडी राहते.

गाडीच्या हँडलला गुच्छ लटकवून नेऊ नये, वाऱ्याने पाकळ्या सुकतात. दांड्यांच्या टोकाला ओला कापूस, वर छोटी पिशवी आणि रबर, आणि गुच्छ खोक्यात उभा. निघण्याआधी ज्याला द्यायचा त्याला फोन. आळीतले पत्ते घर नंबरावर सापडत नाहीत, ‘कुणाच्या वाड्यासमोर’ हे विचारून घ्यावं लागतं. मागितलेलं फूल नसेल तर बदल आधी विचारायचा, गुच्छ बांधल्यावर नाही. दुपारच्या फेरीसाठी अकरा, संध्याकाळसाठी चार ही ऑर्डर घेण्याची शेवटची वेळ पक्की असावी. अपवाद एकच, अंत्यविधीचा हार. तिथे किती वाजता पोचेल हे खरं सांगावं, आणि जमणार नसेल तर लगेच नाही म्हणावं. पाचगणीची ऑर्डर पसरणी घाट चढून जायची, तिला वेगळं भाडं लावा. धोम धरणातून पाणी सोडल्यावर कृष्णेचे घाट पाण्याखाली जातात, त्या दिवसांत नदीकाठच्या घरांना आदल्या रात्रीच फोन गेलेला बरा.

हिशोबात बहुतेक घरं चुकतात ती इथे : आईचं गुंफणं फुकट धरलं जातं. पहाटे चारपासून सुई चालवणाऱ्या बाईची मजुरी शून्य धरून निघालेला नफा हा नफाच नाही. दुकानं तिला हारामागे जे देतात, तोच दर मुलाने तिला द्यावा आणि तो दर आठवड्याला तिच्या खात्यात जावा. हे देऊन काही उरत नसेल, तर धंदा चालत नाही असं समजा.

कोर्सबद्दल. फुलसजावटीच्या महागड्या डिप्लोमावर पैसे घालू नका. एखाद्या लग्न-डेकोरेटरकडे तुळशीच्या लग्नानंतरच्या हंगामात हाताखाली काम करणं जास्त शिकवतं. पुढे स्वतः फुलशेतीत उतरायचं झालं, तर तळेगाव दाभाडे इथे हरितगृहाचं प्रशिक्षण मिळतं. बी.कॉम. अजिबात सोडू नये. कॉस्टिंग हा विषय त्याला रोज लागणार आहे. छोट्या धंद्याची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं, पण पहिले तीन महिने कर्ज नकोच. बादल्या, कात्री, खोका आणि घरची दुचाकी पुरते.

या तीन महिन्यांत त्याने वहीत तीन गोष्टी रोज लिहाव्यात : ऑर्डर कधी आली, कधी पोचली, किती माल उरला. ६० घरं टिकली, उरलेला माल खरेदीच्या पाचव्या हिश्श्याच्या आत राहिला आणि कॉलेजची हजेरी सुटली नाही, तर पुढचं वर्ष त्याला द्या. नाहीतर पदवी होईपर्यंत थांबायला सांगा, आणि ते त्याला आजच सांगून ठेवा. सुरुवात दसऱ्याच्या गर्दीत करू नका. मार्गशीर्षातल्या गुरुवारांच्या आदल्या पंधरवड्यात आळीतून फिरून घरं नोंदवायला लागू द्या.