'फोटोथर्मल थेरपी'ला 'प्रकाशोपचार' चालेल का?

नागपूरच्या एका कॉलेजात विज्ञान प्रदर्शनाचा मराठी फलक लिहायचा आहे. सोन्याच्या नॅनोकणांवर लेझर टाकून कर्करोगाची गाठ तापवतात, त्याला 'प्रकाशोपचार' म्हणावं का, असा प्रश्न आहे.

नको. तो शब्द कावीळ झालेल्या तान्ह्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात त्यासाठी आधीच रूढ आहे. शिवाय रेडिओथेरपीला लोक 'लाईट घेणं', 'शेक देणं' म्हणतात. फलक वाचून तेच समजतील, आणि इथे किरणोत्सार नाहीच. 'प्रकाशौष्णिक उपचार' लिहा. 'औष्णिक' नागपूरकरांना कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांमुळे परका नाही. 'तापोपचार' तर मुळीच नको, तो क्रोसिनचा प्रांत.

फलकावर नुसतं 'सोनं तापतं' लिहून भागणार नाही, कणाचा आकार सांगावा लागेल. बारीक गोल कण ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात, पण तो त्वचेत फार आत जात नाही. रक्त आणि पाणी ज्याला त्यातल्या त्यात कमी अडवतात तो पट्टा साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटरचा. म्हणून रुंदीच्या सुमारे चौपट लांबीच्या कांड्या करतात, त्या ८००च्या आसपास शोषतात. किंवा सिलिकाच्या गाभ्यावर सोन्याचं पातळ कवच चढवतात. कांड्या घडवताना वापरलेलं सीटॅब (CTAB) हे रसायन पेशींना विषारी असतं, ते काढून पॉलीइथिलीन ग्लायकॉलचा लेप द्यावा लागतो. तीव्र स्पंदांचा लेझर वापरला तर कांड्या वितळून गोळे होतात, शोषण पुन्हा ५२०कडे सरकतं आणि गाठ तापेनाशी होते.

तापमानाचे शब्दही वेगळे ठेवा. ४१ ते ४५ अंश सेल्सिअसला 'अतिउष्णता उपचार': पेशी दुबळ्या होतात, रेडिओथेरपीला जास्त बळी पडतात. ५०च्या वर काही मिनिटांतच त्या मरतात. तो 'औष्णिक ऊतकनाश', म्हणजे उष्णतेने ऊती (टिश्यू) मारणं. (अंश ऊतकाचे आहेत, मे महिन्यातल्या सीताबर्डीचे नव्हेत.)

'फोटोडायनॅमिक'ही यात मिसळू नका. त्यात मारक काम उष्णता करत नाही. प्रकाशाने जागं झालेलं औषध ऑक्सिजनचं घातक रूप तयार करतं. काही औषधांनंतर रुग्णाला कित्येक आठवडे उन्हापासून जपावं लागतं. त्याला 'प्रकाशगतिक' म्हणा.

आणि 'उपचार'च्या आधी 'प्रायोगिक' लिहाच. सोन्याच्या कवचकणांनी पुरःस्थ ग्रंथीतल्या (प्रोस्टेटमधल्या) गाठी जाळण्याची चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली, तीही १६ रुग्णांवरची.