पावसाळ्यात रुजू होणाऱ्या मुलीस, कपड्यांबद्दल

प्रिय लेकी,

जुलैत तू रुजू होणार, रोज डोंबिवलीहून परळला जाणार, आणि ऑफिसने पाठवलेल्या कागदात कपड्यांबद्दल ‘बिझनेस कॅज्युअल’ (म्हणजे सूट-बूट नको, पण नीटनेटकं) एवढे दोनच शब्द आहेत. काय घेऊ, किती घेऊ, कुर्ते चालतील का, असं तू विचारलंस. कुर्ते चालतील. मुंबईतल्या बहुतेक ऑफिसांत नीट शिवलेला कुर्ता आणि सरळ पॅन्ट हा शर्ट-ट्राउझरच्या बरोबरीचा पोशाख मानतात. तरी जीन्स, बिनबाह्यांचे कपडे आणि पुढून उघडी चप्पल, या तिन्हींबद्दल एचआरला एका ओळीची मेल टाकून विचारून घे. हे नियम ऑफिसागणिक वेगळे असतात आणि उत्तर लेखी असलेलं बरं.

आता तुझा दिवस डोळ्यांसमोर आण. पुलाचे जिने, लेडीज डब्यात वरची कडी धरून तासभर उभं राहणं, छत्री असूनही पोटऱ्यांपर्यंत भिजणं, मग एसीत आठ-नऊ तास खुर्ची, मधेच कोणाच्या स्क्रीनवर वाकून बघणं, संध्याकाळी पुन्हा तीच गाडी. ऑफिसचा कपडा या सगळ्यात तुला आठवतासुद्धा कामा नये. सारखा खाली ओढावा लागणारा, पिन लावून सांभाळावा लागणारा कपडा कितीही शोभला तरी कामाचा नाही. म्हणून ट्रायल रूममध्ये आरशासमोर सरळ उभी राहून निवड करू नकोस. दोन्ही हात कडी धरल्यासारखे वर कर. मग स्टुलावर दोन मिनिटं बस. शेवटी खालच्या ड्रॉवरमधून काही काढायचंय अशी पुढे वाक आणि तेव्हा समोरून गळा किती सुटतो ते बघ.

हात वर केल्यावर अख्खा कुर्ता वर ओढला गेला तर दोष लांबीचा नसतो, मुंढ्याचा, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या गोलाचा असतो. मुंढा खोल कापला की बाही आणि अंग एकत्रच हलतात. सैल मुंढा आरामाचा, असं आपण धरून चालतो, पण काखेखाली जेमतेम एक बोट जाईल इतका वर कापलेला मुंढाच हाताला मोकळं सोडतो. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी. कंबर आत घेता येते, बाही आखूड करता येते, पण खांदा चुकला तर दुरुस्ती जवळजवळ नव्या शिवणीइतकी महाग पडते. ब्लेझर घेताना तर फक्त खांदेच बघ. (आणि ब्लेझरच्या मागच्या कटावर फुलीसारखा जो कच्चा टाका असतो तो उसवून टाकायचा असतो. पुष्कळ जणी तो तसाच ठेवून वर्षभर वापरतात.)

शर्ट छातीपाशी फाकतो, ही तुझी जुनी तक्रार. एक बटण बरोबर छातीच्या सगळ्यात रुंद जागी आलं नाही की त्याच्या वरच्या आणि खालच्या बटणांमध्ये ताण येऊन फट पडते. त्यावर एक साइज मोठा शर्ट घेतला की खांदे उतरतात. छातीला बसणारा शर्ट घे, कंबर टेलरकडून आत घेऊन घे, आणि फाकणाऱ्या जागी आतून एक टिचबटण लावून घे. दहा मिनिटांचं काम आहे.

पॅन्ट बसून बघायची. बसल्यावर कमरेत दोन बोटं जायला हवीत, कारण जेवणानंतर तेवढी जागा लागते. उभी असताना जांघेपासून बाजूला आडव्या सुरकुत्या पडत असतील तर पॅन्ट तिथे घट्ट आहे आणि गाडीत ती आणखी त्रास देईल. जांघेपासून कमरेपर्यंतची मागची उंची कमी असेल तर बसल्यावर पाठ उघडी पडते, मग दिवसभर कुर्ता खाली ओढत राहावं लागतं. पुढून सपाट आणि फक्त मागे इलॅस्टिक असलेल्या पॅन्ट चांगल्या. त्या बाहेरून औपचारिक दिसतात आणि पोट फुगण्याच्या दिवसांत जाचत नाहीत.

कापडाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पैसे इथेच वाया जातात. सुती धागा आपल्या वजनाच्या ७-८ टक्के ओल सहज धरतो, व्हिस्कोस म्हणजे रेयॉन ११ ते १३ टक्के, आणि पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. त्यामुळे पॉलिएस्टरच्या टॉपमध्ये घाम अंगावरच राहतो आणि धुतल्यावरही काखेचा वास पुरता जात नाही. पण पावसात हाच गुण कामी येतो. भिजलेली सुती पॅन्ट दुपारपर्यंत ओली राहते, पॉलिएस्टर-व्हिस्कोस मिश्रणाची एसीत तास-दीड तासात बरीच सुकते. तेव्हा पावसाळ्यात वर सुती आणि खाली मिश्र कापड, अशी वाटणी ठेव. निव्वळ व्हिस्कोसचे कुर्ते अंगावर सुंदर पडतात, पण ओलं असताना ते कापड अशक्त होतं. पिळू नकोस, नाहीतर शिवणीजवळ विरतं.

दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणाला तरी कडेचे दोन-चार धागे घरी आणून बेसिनवर जाळून बघ. सुती धाग्याला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून टोकाला कडक काळा मणी होतो. कापड उजेडासमोर धरून मागे हात ठेव. बोटं वेगवेगळी दिसली तर अस्तर लागणारच. कोपरा मुठीत दहा सेकंद आवळून सोड. सुरकुत्या कडक राहिल्या तर तो कुर्ता गाडीतून उतरताना झोपून उठल्यासारखा दिसेल. कुर्त्याला १०० ते १३० जीएसएमचं (म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन तेवढे ग्रॅम) कॉटन पुरेसं आहे, पॅन्टला २००च्या वर असू दे. मंगळदास मार्केटमध्ये किंवा दादरला हिंदमाताला कापड घेतलंस तर जीएसएम विचारून बघ. उत्तर नाही मिळालं तर बोटांनी चाचपून तुझ्या आवडत्या जुन्या कपड्याशी ताडून घे, म्हणून तो बरोबर ने.

शिवायला टाकण्याआधी सुती कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, न पिळता वाळवून, इस्त्री करूनच दे. कोरं सुती कापड ३ ते ५ टक्के आटतं. म्हणजे ४४ इंचांच्या कुर्त्याचे दीड-दोन इंच पहिल्या धुण्यात जातात, आणि मग टेलरशी भांडण होतं. बाजूच्या शिवणीत एक-एक इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, सोडायला सांग. कुर्त्याचा बाजूचा कट कुठून सुरू होतो ते स्वतः ठरव. फार खाली ठेवला तर जिना चढताना मांडीवर ताण येऊन तिथेच उसवतो, फार वर ठेवला तर पॅन्टची पट्टी दिसते. पॅन्टच्या पट्टीखाली दोन इंच, हे साधारण बरोबर पडतं. कटाच्या टोकाला आतून छोटी पट्टी लावून आडवी टीप मारून घे.

आणि खिसे. प्रत्येक पॅन्टला आणि शक्य असेल त्या कुर्त्याला बाजूच्या शिवणीत खिसा हवाच, तोंड सहा इंच, खोली नऊ इंच. यापेक्षा लहान खिशातून फोन जिन्यावर बाहेर पडतो. खिशाची पिशवी मूळ कापडाची नको, घट्ट विणीच्या पातळ पॉपलिनची असू दे, म्हणजे बाहेरून फुगत नाही.

चुडीदार आणि लेगिंग रोजच्या प्रवासाला घेऊ नकोस असं माझं स्पष्ट मत आहे. घट्ट कृत्रिम धागा, त्यावर पाऊस आणि घाम, मग एसीत तेच ओलं कापड अंगावर सुकणं, यातून जांघेत आणि कमरेला नायटा होतो आणि तो महिनोन्‌महिने पिच्छा सोडत नाही. आतले कपडे सुती, पूर्ण सुकलेलेच घाल. जुलैत ते दोरीवर दमट राहतात, तेव्हा वरून इस्त्री फिरव. पांढऱ्या किंवा फिक्या कपड्याआड पांढरी ब्रा उठून दिसते, त्वचेच्या रंगाची दिसत नाही. नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावर नीट बसली पाहिजे, कारण पट्टी पुढे सैल होत जाते आणि आतले हुक तेव्हासाठी असतात. भार खांद्याच्या पट्ट्यांनी नाही, छातीखालच्या पट्टीने पेलायचा असतो. खांद्यावर वळ उठत असतील तर खालची पट्टी तुला सैल होते आहे.

पायांत जुलै-ऑगस्टमध्ये चामडं नको. कोल्हापुरी तर नकोच, भिजली की तळ फुगतो आणि सुकल्यावर वाकडा होतो. रबरी तळाची, मागे पट्टा असलेली सँडल प्रवासाला, आणि ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये बंद पंपशूज किंवा एक-दीड इंच उंचीच्या रुंद टाचेचे बूट. खरेदी संध्याकाळी कर, तोवर पाय थोडे सुजलेले असतात आणि तेच माप खरं. पॅन्टची लांबी घोट्याच्या हाडाच्या थोडी वर ठेव. जमिनीला टेकणारं कापड ओल वर खेचतं आणि सरकत्या जिन्यात अडकतं. ओढणी घेणार असशील तर गाडीत चढण्याआधी एका बाजूला घेऊन कमरेशी गाठ मार. दुचाकीवर मागे बसलीस तर ती घडी करून पिशवीतच टाक, कारण चाकात ओढणी अडकून गळ्याला फास बसल्याचे अपघात होतात.

एसीचा गारठा तुला वाटेल आणि शेजारच्या मुलग्याला वाटणार नाही. यात तुझं काही चुकत नाही. ऑफिसांच्या तापमानाचे मापदंड १९६०च्या दशकातल्या ज्या गणितावर बेतलेले आहेत, त्यात पुरुषाच्या शरीरात तयार होणारी उष्णता धरली आहे, हे नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिलं. जागा बदलून माग. संकोच करू नकोस. तोवर पूर्ण बाह्यांचं एक सुती जॅकेट, गडद एकरंगी, खुर्चीवर ठेव आणि दर शुक्रवारी धुवायला घरी ने.

प्रेझेंटेशनच्या दिवशी कॉलर माइक लावतात हे लक्षात ठेव. तो अडकवायला गळ्याला पट्टी किंवा कॉलर लागते आणि त्याची बॅटरीची डबी लावायला कमरेला पट्टी. बंद गोल गळ्याचा सरळ ड्रेस असला की डबी हातात धरून बोलावं लागतं. व्हिडिओ कॉलला बारीक रेघा आणि बारीक चौकड्या टाळ, कॅमेऱ्यात त्या लहरताना दिसतात.

साडी नेसायची हौस तुला आहेच, तेव्हा तेवढंच सांगते. सुती किंवा सुती-रेशमी, हलकी खळ दिलेली, पदर घडी करून पिन केलेला, आणि पाऊस उघडल्यावर. परकराची नाडी करकचून बांधू नकोस. रोज त्याच रेषेवर काच बसला की आधी काळा वळ, मग जखम होते. दीड-दोन वर्षं न भरलेल्या अशा जखमेतून कर्करोग झालेल्या दोन वयस्क स्त्रियांची नोंद वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी २०२४ साली प्रसिद्ध केली. हे दुर्मीळ आहे, पण नाडीऐवजी दोन इंची पट्टीचा, हुक लावलेला परकर शिवून घेणं अगदी सोपं आहे.

ड्रॉवरमध्ये एक पिशवी ठेव: सेफ्टी पिना, काळ्या-पांढऱ्या दोऱ्याच्या सुया, सॅनिटरी पॅड, आतल्या कपड्यांचा एक जोड, गडद रंगाची एक पॅन्ट, छोटा टॉवेल. घामाचे डाग पडत असतील तर घाम रोखणारा अँटिपर्स्पिरंट रात्री कोरड्या काखेला लाव, सकाळी नाही. रात्री घाम कमी असतो म्हणून तो मुरतो. पिवळ्या डागांना ब्लीच लावू नकोस, ते आणखी पिवळे होतात.

एक गोष्ट वेगळी करून सांगते. ऑफिसला साजेसे कपडे घालणं हा कामाच्या जागेचा रिवाज आहे. कोणाच्या नजरेची जबाबदारी त्यातून तुझ्यावर येत नाही. कुणी तुझ्या कपड्यांवरून किंवा शरीरावरून घाणेरडं बोललं, तर कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याखाली तो लैंगिक छळ आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती असावीच लागते आणि लेखी तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. त्या दिवशी तू काय घातलं होतंस, याने तक्रार कमजोर होत नाही. समितीत कोण आहेत त्यांची नावं रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात बघून ठेव.

किती घ्यायचं? तीन पॅन्ट (काळी, नेव्ही, राखाडी), आणि या तिन्हींवर चालतील असे पाच कुर्ते-शर्ट मिळून. पंधरा जोड होतात, पहिला पगार होईपर्यंत पुरेत. त्यानंतर महिनाभर काय सारखं घातलं जातं आणि काय कपाटातच राहतं ते बघ आणि मगच पुढची खरेदी कर.

कापड याच आठवड्यात घे. जूनमध्ये टेलरकडे शाळेच्या गणवेशांची रांग असते, आणि ‘आठ दिवसांत देतो’ म्हणजे तीन आठवडे धर. आधी एकच पॅन्ट आणि एकच कुर्ता टाक, घालून, भिजवून, बसून बघ, मग त्याच मापावर बाकीचे टाक.

तुझी,
मावशी