संभाजीनगरात भुयारी मेट्रो स्टेशन खोदायचं झालं, तर काळा पाषाण फायद्याचा की तोट्याचा?

फायद्याचाच, पण सरसकट नाही. वरचा मुरूम ढासळतो, म्हणून खोदण्याआधी कडेने पाइलची, म्हणजे जमिनीत खोल ओतलेल्या काँक्रीटच्या खांबांची, भिंत घ्यावी लागते. खाली घट्ट बेसाल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण, लागला की रॉक बोल्ट (खडकात रोवलेले पोलादी दांडे) आणि शॉटक्रीट (दाबाने फवारलेलं काँक्रीट) यांच्यावर खोदकामाची कड उभी राहते.

खरी गोम दोन लाव्हाथरांमधल्या तांबड्या मातकट थरात, म्हणजे रेड बोलमध्ये असते. उघडा पडून भिजला की तो भुसभुशीत होतो, वरचा खडक सुटतो. त्यामुळे चाचणीचे बोअर स्टेशनच्या तळाखालीही न्या. तळालगत असा थर निघाला तर पाया बदलावा लागतो. हा थर उघडा पडताच त्यावर शॉटक्रीट मारा.

आणि मलिक अंबरची 17व्या शतकातली नहर, म्हणजे शहराला पाणी आणणारी भूमिगत वाहिनी! तिची भुयारं आधी शोधून नकाशावर घ्या. तिच्याजवळ सुरुंग नकोच, हायड्रॉलिक स्प्लिटरने, म्हणजे छिद्रात घालून दाबाने खडक चिरणाऱ्या यंत्राने, खडक फोडा. वेळ जास्त लागतो, लागू द्या.