बाबांच्या वतीने उत्तर देण्यापूर्वी

एका वाचक भगिनीच्या पत्राचा सारांश असा: 'माझे वडील ७२ वर्षांचे आहेत. गेली दोन वर्षे बोलताना त्यांना नेमका शब्द सापडत नाही; चष्मा हवा असला की "ते, डोळ्यांचे" असे म्हणतात. हिशेब अजून चोख ठेवतात, वाट न चुकता फिरून येतात, पण फोन घेणे त्यांनी सोडले आहे. स्मरणशक्तीच्या चाचणीत गुण कमी पडले, तेव्हापासून हा स्मृतिभ्रंशच आहे आणि घराच्या कागदपत्रांबाबत त्यांना काही विचारण्यात अर्थ नाही, असे भावाने ठरवून टाकले आहे. शब्द टिकावेत म्हणून मी रोज त्यांना वस्तू दाखवून नावे विचारते. ते चिडतात, मग मीही चिडते. माझे काही चुकते आहे का?'

सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. रोजची ही तोंडी परीक्षा आजच बंद करा. तुमचा हेतू चांगला आहे, पण जे जमत नाही तेच मुलीसमोर पुन्हा पुन्हा करून दाखवावे लागणे कोणालाही असह्य होईल. शब्दांचा सराव उपचारात असतो, नाही असे नाही. मात्र तो वाचा-उपचारतज्ज्ञाने आखून दिलेला, रुग्णाला रोज लागणाऱ्या मोजक्या शब्दांचा असतो, आणि त्यात अडल्यावर आधार मिळतो, जाब विचारला जात नाही.

आता त्या चाचणीविषयी. स्मरणशक्तीच्या प्रचलित चाचण्यांमध्ये बहुतेक प्रश्न शब्दांत विचारलेले असतात आणि उत्तरेही शब्दांतच द्यायची असतात: वस्तूचे नाव सांगा, वाक्य पुन्हा म्हणा, ऐकलेले शब्द आठवा. ज्याची भाषाच अडखळते आहे, त्याचे गुण स्मरणशक्ती बऱ्यापैकी शाबूत असतानाही घसरू शकतात. मार्सेल मेसुलम या मेंदूविकारतज्ज्ञांनी १९८२ मध्ये अशा सहा रुग्णांचे वर्णन केले होते, ज्यांची भाषा हळूहळू ढासळत गेली, पण व्यापक स्मृतिभ्रंश दिसत नव्हता. पुढे या विकाराला प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजिया, म्हणजे वाढत जाणारा वाचाघात, असे नाव मिळाले आणि २०११ मध्ये त्याच्या तीन प्रकारांचे निकष ठरले. तुमच्या वडिलांना हेच झाले आहे असे मी पत्रावरून म्हणणार नाही. पण भाषेची स्वतंत्र तपासणी झाल्याखेरीज एका गुणसंख्येवर निकाल देणे मला मान्य नाही.

तुमचा भाऊ सर्वस्वी चुकतो आहे, असेही नाही. हा विकार स्मृतिभ्रंशाच्याच कुळातला मानला जातो, काही रुग्णांत त्याच्या मुळाशी अल्झायमर असतो, आणि कालांतराने इतर क्षमतांवरही त्याचा परिणाम होतो. तो थांबवणारे औषध आज उपलब्ध नाही. पक्षाघातानंतरच्या वाचाघातात वाचा बऱ्याच अंशी परत येऊ शकते. इथे मात्र असलेली भाषा शक्य तितकी वापरात ठेवणे आणि पुढची सोय आधीच करणे, हे उपचाराचे मुख्य काम असते. (बोलणे अचानक अडले किंवा तोंड वाकडे झाले, तर मात्र क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.)

मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाण्यापूर्वी काही आठवडे एका वहीत निरीक्षणे लिहून ठेवा. वस्तू ओळखून, तिचा उपयोग सांगूनही नाव तेवढे येत नाही, की 'चष्मा म्हणजे काय?' असे ते उलट विचारतात? वाक्ये तुटक, व्याकरण सुटलेली येतात का? लांब वाक्य ऐकून पुन्हा म्हणताना अडतात का? या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या प्रकारांकडे बोट दाखवतात आणि तपासणीच्या खोलीतल्या थोड्या वेळात त्या निसटू शकतात. कानांचीही तपासणी करून घ्या. कमी ऐकू येत असल्यामुळे माणूस गोंधळलेला वाटतो, हे फार वेळा लक्षातच येत नाही.

घरातल्या बोलण्याबाबत संशोधन बरेच काही सांगते, आणि त्यातला एक निष्कर्ष अनपेक्षित आहे. अल्झायमरचे रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारे यांच्या संभाषणांचा जेफ स्मॉल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अभ्यास केला, तेव्हा आजूबाजूचा व्यत्यय दूर करणे, साधी वाक्ये वापरणे आणि हो-नाही उत्तराचे प्रश्न विचारणे उपयोगी ठरले. मुद्दाम संथ बोलण्याचा मात्र फायदा दिसला नाही. तेव्हा टीव्ही बंद करा, समोर बसा, एका वेळी एकच गोष्ट विचारा, पण आवाज आणि लय नेहमीचीच राहू द्या. मोठ्या माणसाशी लाडिक, बाळबोध सुरात बोलणे तर कटाक्षाने टाळा. क्रिस्टीन विल्यम्स यांच्या संशोधनात स्मृतिभ्रंश असलेले वृद्ध अशा बोलण्यानंतर काळजीवाहकांना अधिक विरोध करताना दिसले, आणि खरे सांगायचे तर मला त्याचे नवल वाटत नाही.

शब्द अडला की तो लगेच पुरवू नका. थोडे थांबा, मग 'मी सांगू का?' असे विचारा. कधी ते होकार देतील, कधी हाताने थांबवतील. कागद-पेन जवळ ठेवा, चित्रे आणि छायाचित्रे वापरा. टोरांटोच्या ऑरा केगन यांनी ही पद्धत विकसित केली. २००१ च्या त्यांच्या अभ्यासात प्रशिक्षण फक्त संवाद साधणाऱ्या स्वयंसेवकांना दिले होते, तरीही समोरच्या वाचाघाताच्या रुग्णांचा संवादातला सहभाग सुधारलेला दिसला. म्हणून वडिलांशी असे बोलायला बसताना भावालाही सोबत घ्या.

कागदपत्रांचा विषय लांबणीवर टाकू नका, कारण वेळ तुमच्या बाजूने नाही. नीट बोलता न येणे म्हणजे निर्णय घेता न येणे नव्हे. शंका असेल तर डॉक्टरांकडून त्या विशिष्ट निर्णयापुरती क्षमता तपासून घ्या आणि वकिलांनाही सोबत बसवा. प्रत्येक पर्याय मोठ्या अक्षरांत वेगळ्या कागदावर लिहा आणि वडिलांना बोट ठेवून निवडू द्या. वाचाघातात कधी कधी 'हो'च्या जागी तोंडून 'नाही' निघते, त्यामुळे तोच प्रश्न उलटा करून पुन्हा विचारा आणि काही दिवसांनी, ते थकलेले नसताना, तिसऱ्यांदा विचारा. तिन्ही वेळा निवड एकच निघाली, तर भावाला ते कागद दाखवा.