तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओसाठी 24 इंची प्रिंटर घ्यावा का?

तुम्ही मोठे फोटो नागपूरच्या लॅबमधून करून आणता. आता स्वतःचा 24 इंची प्रिंटर घ्यावा का आणि तो गावात सांभाळता येईल का, असं विचारलंय. माझा स्टुडिओ यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात आहे आणि असं मशीन मी 8 वर्षं वापरतोय. रोज थोडंफार काम असेल तर जरूर घ्या, पण निव्वळ लग्नांच्या भरवशावर घेऊ नका. लग्नाचा अल्बम तसाही लॅबमधूनच बाइंडिंगसकट येतो आणि चातुर्मासात लग्नं बंद.

माझं मशीन वर्षभर चालतं ते गेलेल्या माणसांच्या फोटोंवर. घरात कोणी गेलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलगा येतो. हातात आधार कार्ड, नाहीतर कुण्या लग्नातल्या घोळक्याचा फोटो. तेरवीच्या आत फ्रेम पाहिजे असते, लॅबची वाट बघायला सवड नसते. फोटो दुरुस्त करून प्रिंट लावला की कागद हळूहळू खाली सरकतो. आधी टोपी दिसते, मग कपाळ, मग डोळे. डोळे आले की मागे उभी असलेली माणसं बोलायची थांबतात. अशा वेळी कपाळावरून आडवी पांढरी रेघ गेली तर त्या घराला काय वाटेल, याचा विचार करा. म्हणून दिवसातला पहिला प्रिंट काढायच्या आधी मी नोझल चेक, म्हणजे शाईची सगळी छिद्रं चालू आहेत का ते दाखवणारी चाचणी पट्टी, काढतोच.

ती रेघ येते हेडचं, म्हणजे कागदावर शाई उडवणाऱ्या भागाचं, एखादं छिद्र सुकल्यामुळे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि दुपारी हवेत ओल अशी उरतच नाही. या मशीनला 40 ते 60 टक्के आर्द्रता मानवते. खोलीत आर्द्रतामापक लावा, स्वस्त मिळतो. एसी हवा आणखी कोरडी करतो. मी वाळ्याचा कूलर लावतो, पण मशीनकडे तोंड करून कधीच नाही. ओला झोत सरळ रोलवर आला की कागदाला लाटा येतात आणि हेड कागदाला घासतं. पावसाळ्यात उलट काळजी. काम झालं की रोल काढून पिशवीत बंद करायचा.

एका उन्हाळ्यात मी 12 दिवस बाहेरगावी होतो. जाताना घाईत, छपाई चालू असतानाच भिंतीवरचं बटण बंद केलं. हेड आपल्या झाकणावर जाऊन बसलंच नाही, उघडं राहिलं. परत आलो तर काळा आणि मॅजेंटा दोन्ही गायब. छिद्रं मोकळी करायला मशीनचं क्लीनिंग एकामागून एक करत बसलो, त्यात महागडी शाई मेंटेनन्स टाकीत, म्हणजे वाया जाणारी शाई साठते तिथे, गेली आणि शेवटी हेड बदलावंच लागलं. आता मशीन नेहमी त्याच्याच बटणाने बंद करतो. वीज मध्येच गेली तरी हेड असंच उघडं अडकतं, म्हणून यूपीएस घ्याच. मशीन वीज फारशी खात नाही, लहान यूपीएसवर निभतं. व्होल्टेज खालीवर होत असेल तर स्टॅबिलायझर वेगळा. गावाला जायचं असलं की घरी सांगून ठेवतो, एक दिवसाआड सगळ्या रंगांची एक पट्टी छापायची. तेवढी शाई गेली तरी चालते.

कोणतं घ्यावं, याबद्दल एकच सांगतो. एप्सनचं हेड पिझो पद्धतीचं असतं, म्हणजे शाई न तापवता दाबाने थेंब उडवतं. ते टिकाऊ आहे, पण बदलायला इंजिनिअर लागतो. कॅननचं हेड शाई तापवून थेंब उडवतं. ते झिजतं, पण आपल्या हाताने बदलता येतं. रंगांच्या बाबतीत मला दोन्ही आवडतात. पण इंजिनिअर नागपूरहून यायचा असेल, तर आपल्यासारख्याला कॅननचं सोयीचं. शाई आणि हेड कंपनीचंच घ्या. स्वस्त शाईचा रंग प्रोफाइलशी, म्हणजे त्या कागद-शाईसाठी ठरवलेल्या रंगांच्या सेटिंगशी, जुळत नाही, आणि भिंतीवरचा फोटो वर्षानुवर्षं टिकायला हवा असतो.

घेण्याआधी मागच्या वर्षाची लॅबची बिलं काढून बसा. जुलै ते सप्टेंबरमध्ये 12 बाय 18 इंच किंवा त्याहून मोठे किती फोटो केले, ते मोजा. आठवड्याला चार-पाच भरत असतील तर मशीन घ्या. फोटोचा दर ठरवताना कागद आणि शाईसोबत क्लीनिंगची आणि वाया गेलेल्या प्रिंटचीही किंमत धरा. भरत नसतील तर यंदा लॅबच बरी.